चित्रलगडींची साक्ष

चांदीची जुनी वस्तू घेऊन आपण सराफकट्ट्यावर गेलो म्हणजे सराफ ती प्रथम तागडीत टाकतो. वस्तूवरील वेलबुट्टी किती नाजूक आहे, कारागिराचा हात तिच्यावर किती दिवस चालला असेल, या गोष्टी त्याच्या हिशेबात येत नाहीत. वस्तू विकत घेताना आपण घडणावळ मोजलेली असते. ती विकताना घडणावळ गळून पडते आणि 'मोड' एवढा एकच शब्द उरतो. यात सराफाला दोष देण्याचे कारण नाही. तो आपला धंदा करतो, आणि बहुधा प्रामाणिकपणेच करतो. परंतु चांदीच्या वस्तूंचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाला असे आढळून येते की, या एका शब्दाने जेवढा पुरावा नाहीसा केला आहे, तेवढा चोरांनी किंवा आगींनी केला असेल की नाही याची शंकाच आहे.

या विषयाचा विचार करण्यास आम्हांस निमित्त झाले ते अमेरिकेतील एका अर्वाचीन छंदाचे. तेथे 'आर्ट बार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चांदीच्या लहान लगडी जमविणारे बरेच लोक आहेत. आपल्याकडे लगड म्हटली की ओबडधोबड पाट डोळ्यांपुढे उभा राहतो. ही लगड तशी नव्हे. सुमारे दोन इंच लांब, इंचाहून किंचित अधिक रुंद, पोस्टकार्डाच्या चिमुकल्या तुकड्यासारखी चपटी. एका अंगावर ठशाने उठविलेले चित्र, आणि दुसऱ्या अंगावर बहुधा टांकसाळीचे नाव, वजन व कस. वजन सर्वसाधारणपणे एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम; आपल्या जुन्या मापाने नेमके २ तोळे ८ मासे. कस हजारांत ९९९, म्हणजे चोख चांदी. हिला आम्ही चित्रलगड म्हणू. या लगडी सरकारी टांकसाळींनी काढलेल्या नाहीत, त्या चलन म्हणून कधी चालल्या नाहीत, आणि त्यांतील पुष्कळशा १९७३ पासूनच्या दहा-बारा वर्षांत निघालेल्या आहेत. म्हणजे पुरातन असे त्यांत काही नाही. तरीही, वस्तू दुर्मिळ कशी होते आणि तिच्या दुर्मिळतेचा पुरावा कोणता मानावा, हा प्रश्न या लहानशा लगडींनी जितका स्वच्छ मांडला आहे तितका मोठमोठ्या संग्रहालयांतील वस्तूंनीही मांडलेला नाही.

या छंदाचे मूळ शोधावयाचे तर अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरापाशी जावे लागते. आणि त्या डॉलराचा एक मोठा रस्ता, वाचकांस कदाचित नवल वाटेल, हिंदुस्थानातील टांकसाळीपर्यंत येतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून युद्धोपयोगी माल अपार खरेदी केला आणि त्याचे पैसे येथे रुपयांत द्यावे लागले. हातात आलेला चांदीचा रुपया गाठीस बांधण्याची आपली रीत सर्वश्रुत आहे. रुपये पेटीत गेले, खजिन्यात चांदीचा तुटवडा पडू लागला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी अडीच रुपयांची. पण कागदाच्या रुपयावर लोकांचा जीव जडेना. १९१८ च्या वसंतात नोटा घेऊन येणाऱ्यांस रुपये कोठून द्यावेत ही विवंचना उभी राहिली. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे धाव घेतली आणि २३ एप्रिल १९१८ रोजी तेथे 'पिटमन कायदा' संमत झाला. त्या कायद्यान्वये २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर तिजोऱ्यांतून काढून आटविण्यात आले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली गेली आणि ती सुमारे २० कोटी औंस चांदी लगडींच्या रूपाने हिंदुस्थानच्या वाट्यास आली. एका डॉलरात जेवढी शुद्ध चांदी असे तिच्यात आपले साधारण सव्वादोन रुपये पडत. आपल्या आजीच्या पेटीत पंचम जॉर्जचे १९१८ सालचे रुपये सापडले, तर त्यांतील काहींत अमेरिकेची स्वातंत्र्यदेवी विरघळलेली असणे सहज संभवते. कोणत्या रुपयात, ते मात्र सांगता येणार नाही.

येथेच आमचा मुद्दा सुरू होतो. सत्तावीस कोटी नाणी आटविताना अमेरिकन टांकसाळीने त्यांची संख्या अगदी एककापर्यंत मोजून ठेवली. कोणत्या सालाची, कोणत्या टांकसाळीच्या छापाची किती नाणी मुशीत गेली याची नोंद मात्र ठेवली नाही. खजिनदाराच्या दृष्टीने हे बरोबरच होते. त्यास रकमेचा जमाखर्च द्यावयाचा होता, इतिहासाचा नव्हे. परंतु या एका वगळलेल्या रकान्यामुळे पुढील शंभर वर्षे नाणेसंग्राहक अंधारात चाचपडत राहिले आहेत. १८९५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १२,००० सामान्य डॉलर पाडल्याची नोंद आहे, परंतु त्यांतील एकही नाणे आजवर निःसंशयपणे पुढे आलेले नाही; संग्राहकांना मिळतात ती त्या वर्षी खास चकाकीने पाडलेल्या ८८० नमुन्यांपैकी. ती बारा हजार नाणी मुशीत गेली, की मुळात पाडलीच नव्हती, यावर अजून वाद चालतो. उलट उदाहरणही तितकेच बोलके आहे. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतील १९०३ सालचा डॉलर संग्राहकांच्या जगात इतका दुर्मिळ समजला जाई की उत्तम नाण्यास दीड हजार डॉलरपर्यंत किंमत सांगत. वास्तविक तो ४४,५०,००० पाडला गेला होता; पण बहुतेक सारा १९१८ साली आटला अशी सर्वांची समजूत होती. १९६२ च्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या तळघरातील तिजोरीतून त्याच्या थैल्यांवर थैल्या बाहेर आल्या आणि ती किंमत रातोरात कोसळली. समजूत हा पुरावा नव्हे, हे तत्त्व वकील न झालेल्या पुष्कळ माणसांस त्या दिवशी कळले.

असो. डॉलराकडून लगडीकडे वळू. १९६० नंतर चांदीची औद्योगिक मागणी वाढली आणि नाण्यांतील चांदीच नाण्याच्या दर्शनी किमतीला गाठू लागली. २३ जुलै १९६५ रोजी अमेरिकेने नाण्यांचा नवा कायदा करून दहा व पंचवीस सेंटांच्या नाण्यांतून चांदी सर्वस्वी काढून टाकली आणि अर्ध्या डॉलरात ती चाळीस टक्क्यांवर आणली. चांदीच्या बदल्यात देण्याचे वचन छापलेल्या ज्या नोटा होत्या, त्यांवर चांदी देणे २४ जून १९६८ नंतर बंद झाले. ज्या राष्ट्राच्या खिशात दीडशेहून अधिक वर्षे चांदी खुळखुळत होती त्याच्या हातून ती अशी दोन-तीन वर्षांत निसटली. सोने तर १९३३ पासून खासगी माणसास लगडीच्या रूपाने बाळगताच येत नव्हते. ती बंदी ३१ डिसेंबर १९७४ रोजी उठली. मधल्या काळात महागाई वाढत होती, कागदी चलनावरचा विश्वास ढळत होता, आणि सामान्य माणसास कायद्याने हाती धरता येईल असा मौल्यवान धातू चांदी हाच उरला होता. आपल्याकडे १९६३ च्या सुवर्णनियंत्रणानंतर चौदा कॅरटांची चर्चा घरोघर कशी चालत असे हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांस ही मनःस्थिती निराळी समजावून सांगणे नलगे.

ही गरज खासगी टांकसाळींनी ओळखली. जोसेफ सीगल यांनी १९६४ साली स्थापन केलेली पेन्सिल्व्हेनियातील फ्रँकलिन मिंट ही त्यांत सर्वांत नावाजलेली. कॅलिफोर्नियातील युनायटेड स्टेट्स सिल्व्हर कॉर्पोरेशन, इलिनॉयमधील हॅमिल्टन मिंट, शिवाय मॅडिसन मिंट, वर्ल्ड मिंट अशी कितीतरी नावे या लगडींवर आढळतात. १९७३ साली चांदीचा भाव औंसाला अडीच डॉलरांच्या आसपास होता. त्यामुळे नाताळास, मातृदिनास, वाढदिवसास भेट म्हणून चित्रलगड देणे मध्यम स्थितीतील गृहस्थासही परवडे. ठशावर चित्र कशाचे नाही? नाताळचे वृक्ष, आगगाडीची इंजिने, पक्षी, अंतराळयाने, १९७६ च्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे प्रसंग, आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे पदच्युतीचे प्रकरणसुद्धा. गावोगावचे नाणेविक्रेतेही टांकसाळीकडून आपल्या पसंतीचे ठसे करवून घेत आणि थोड्याथोडक्या लगडी पाडून घेत. कला या दृष्टीने पाहिले तर त्यांतील बरीचशी चित्रे बाजारी आहेत, हे आम्ही स्पष्टच सांगतो. गोव्यातील एखाद्या जुन्या देवळातील प्रभावळीवरची कीर्तिमुखे पाहिलेल्या डोळ्यांना ती थिटीच वाटतील. पण काही ठसेकारांचा हात खरोखर सुरेख आहे, आणि एका पिढीला काय साजरे करावेसे वाटले याची इतकी तारीखवार चित्रवही दुसरी मिळणे कठीण.

पुष्कळ लगडींच्या काठावर क्रमांक कोरलेला असे, सोबत एक प्रमाणपत्र असे आणि त्यावर या चित्राच्या एकूण इतक्याच लगडी पाडल्या व नंतर ठसा रद्द केला, असे लिहिलेले असे. आर्ची किड नावाच्या गृहस्थांनी या साऱ्या पसाऱ्याची एक सूची केली. विक्रेते आजही लगडींची ओळख त्या सूचीतील क्रमांकांनी सांगतात. अशा सूचीत ज्या चित्रासमोर मोठा आकडा, ते स्वस्त व ज्यासमोर लहान, ते महाग, असा सरळ हिशेब काही वर्षे चालला.

तो हिशेब १९८० साली मोडला. टेक्सासमधील नेल्सन बंकर हंट आणि विल्यम हर्बर्ट हंट या बंधूंनी चांदीची प्रचंड खरेदी केली होती. १९७९ च्या आरंभी औंसाला सहा डॉलरांच्या आसपास असलेला भाव १८ जानेवारी १९८० रोजी जवळजवळ ५० डॉलरांवर गेला. न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराने नियम आवळले, आणि २७ मार्च १९८० च्या गुरुवारी भाव एका दिवसात निम्म्याने कोसळून अकरा डॉलरांच्याही खाली आला. हंट बंधूंचे काय झाले हा येथे आमचा विषय नाही. विषय आहे तो भाव चढत असतानाच्या आठवड्यांचा. त्या दिवसांत लोक घराघरांतून चांदी घेऊन विक्रेत्यांच्या दारी रांगा लावीत होते. चहाचे संच, काटेचमचे, समारंभाची पदके, जुनी नाणी, आणि अर्थात सात वर्षांपूर्वी भेट आलेल्या चित्रलगडी. तीन-चार डॉलरांना घेतलेल्या लगडीचे चाळीस येत असतील तर तिच्यावरील नाताळच्या वृक्षासाठी कोण थांबेल? शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत माल साचून राहिला. तेथे चोख चांदीची सुबक लगड ही तर सर्वांत सोयीची. कस पाहण्याची फारशी कटकट नाही, सरळ मुशीत.

किती लगडी गेल्या? कोणीच मोजल्या नाहीत. १९१८ साली निदान एकूण संख्या तरी लिहून ठेवली होती. १९८० साली तेवढेही झाले नाही. तेव्हापासून प्रमाणपत्रावरील आकडा ही अर्धीच साक्ष राहिली आहे. किती जन्मले हे ती सांगते. किती उरले हे तिला ठाऊक नाही. ज्या चित्राच्या हजारो लगडी निघाल्या ते लोकांना सामान्य वाटले, म्हणून तेच अधिक आटले. आणि ज्याच्या दोन-तीनशेच निघाल्या ते जपून ठेवावे असे लोकांना आरंभापासून वाटल्यामुळे कदाचित बरेचसे उरले. हा आमचा तर्क झाला, आणि तर्क म्हणूनच तो वाचकांनी घ्यावा. पण जाणते संग्राहक आता सूचीतील आकड्यापेक्षा एका निराळ्या गोष्टीकडे पाहतात : वर्षानुवर्षांच्या प्रदर्शनांत, लिलावांच्या याद्यांत, गावच्या विक्रेत्याच्या खणात ती लगड प्रत्यक्षात किती वेळा दृष्टीस पडली? न्यायालयाच्या भाषेत बोलावयाचे तर, कागदी पुराव्याची जागा येथे प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घेतली आहे.

म्हणूनच या छंदात गावच्या विक्रेत्याला आणि नाणेप्रदर्शनांना एवढे महत्त्व आहे. लगड हातात घेतल्याशिवाय तिच्याविषयी बोलू नये. तिच्यावरील अक्षरे वकिलाने करार वाचावा तशी वाचावीत, कारण शब्दांत खाचा असतात. 'शंभर मिल्स' असे शब्द कोरलेली लगड म्हणजे हलक्या धातूवर चांदीचा नुसता मुलामा. 'एक ट्रॉय औंस' हे शब्द शेजारी असले तरी ती चांदी नव्हे. 'स्टर्लिंग' लिहिलेल्या लगडीत हजारांत ९२५ भागच चांदी. फ्रँकलिन मिंटच्या कित्येक लगडींवर १००० ग्रेन स्टर्लिंग असे असते. म्हणजे वजन ६४.८ ग्रॅम, पण त्यांत चोख चांदी सुमारे ६० ग्रॅम. खोट्याची शंका आली तर पाण्यात तोलून विशिष्ट गुरुत्व काढावे, चांदीचे १०.४९ येते, तांब्याचे ८.९६, शिशाचे ११.३४. लोहचुंबकास चिकटली तर पुढे काही पाहण्याचे कारणच नाही. आणि लगड काळवंडलेली असली तरी ती घासू नये. देव्हाऱ्यातील समई सणावारी रांगोळीने घासून लखलखीत करण्याची आपल्या घरांतील सवय येथे घातक ठरते; ठशाची मूळ झिलई एकदा ओरखडली की परत येत नाही.

नकली नाण्यांना व स्मारकवस्तूंना आळा घालण्यासाठी अमेरिकेने नोव्हेंबर १९७३ मध्येच कायदा केला असून, प्रतिकृतीवर 'कॉपी' हा शब्द ठळक व कायमचा उमटविणे त्याने बंधनकारक केले. व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेली वस्तूही त्यातील व्याख्येत येते. आता मातृदिनाची लगड ही घटनेचे स्मारक म्हणावी की नाही, यावर दोन वकिलांची तीन मते सहज होतील, आणि तिन्ही ऐकण्यासारखी असतील.

आता हे सारे दूरदेशीचे कौतुक म्हणून सोडून द्यावे, असे कोणास वाटल्यास आम्ही त्यांचे लक्ष आपल्या देवळांकडे वेधू. धनत्रयोदशीस घेतलेल्या लक्ष्मी-गणपतीच्या छापाच्या चांदीच्या तुकड्याचे पुढे काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. काही वर्षांनी तो मोडीत जाऊन त्याच्या वाट्या होतात. तो खासगी विषय आहे. पण देवस्थानाच्या चांदीचे तसे नाही. एका देवस्थानाच्या दाव्यातील कागद पाहताना आमच्या नजरेस दागिन्यांच्या व उपकरणांच्या दोन याद्या आल्या; दोहोंमध्ये बऱ्याच वर्षांचे अंतर. रुप्याच्या समया, प्रभावळ, चवऱ्यांच्या दांड्या, पंचपात्री : सर्व नावे दोन्ही याद्यांत होती. वजनाची बेरीज तोळ्यातोळ्याला जुळत होती. व्यवस्थापकांवरील अपहाराचा आरोप त्या जुळणीने साफ कोसळला आणि ते योग्यच झाले. मात्र प्रभावळीचे वजन तेच असले तरी प्रभावळ तीच नव्हती. जुनी आटवून त्याच चांदीची नवी, अधिक चकाकणारी घडविली होती, असे एका वृद्ध पुजाऱ्यांच्या बोलण्यातून सहज निघाले. जुनीवर काय होते, दात्याचे नाव होते की नाही, शक कोणता होता, कोणत्या शेट्याने ती घडविली, यांतले काहीही यादीत नव्हते. यादीला रकाने दोनच : वस्तू आणि वजन. पिटमन कायद्याच्या खजिनदाराने जे केले तेच आमच्या महाजनांनी, तितक्याच सचोटीने, केले होते.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. १९७२ चा पुरावशेषांविषयीचा कायदा १९७६ पासून अंमलात आहे आणि शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू त्याच्या व्याख्येत बसते. परंतु त्याचा भर निर्यात, व्यापार आणि नोंदणी यांवर आहे. समितीने सभेत ठराव करून, शेट्याला घरी बोलावून, भक्तिभावाने आटविलेल्या प्रभावळीपुढे तो कायदा फारसा उभा राहत नाही. आटविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, लेख असल्यास त्याचा ठसा कागदावर उतरवून घ्यावा, यादीत 'वर्णन' हा तिसरा रकाना घालावा, आणि सभेच्या इतिवृत्तात आटणीची तारीख लिहावी, एवढे मात्र कोणत्याही समितीस आपल्या अधिकारात करता येते. त्यास न्यायालयाचा हुकूम लागत नाही व खर्चही नाममात्र आहे.

हे आत्ताच सांगण्याचे कारण भावात आहे. एप्रिल २०११ मध्ये चांदी पुन्हा पन्नास डॉलरांच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने १९८० चा उच्चांक ओलांडला. भाव असा चढला की अमेरिकेतील विक्रेत्यांकडे जुन्या लगडी पुन्हा पिशव्यांनी येऊ लागतात. कित्येक दुकानांत कारखान्याकडे पाठवावयाच्या चांदीची एक पेटी गल्ल्याशेजारी ठेवलेली असते, आणि ओळखीच्या संग्राहकास ती चाळू देण्याची रीत आहे. मालक मोडीच्या भावावर थोडे अधिक घेतो व संग्राहक एखादी लगड काढून घेतो. मग घरी जाऊन आपल्या वहीत तो चित्राचे नाव, टांकसाळ, काठावरचा क्रमांक, विकत घेतल्याची तारीख आणि कोणत्या दुकानातील पेटीतून ती निघाली ते लिहितो. उरलेली पेटी शनिवारी कारखान्याकडे रवाना होते.